गाडी, सायकल आणि पायी: एकाच रस्त्यावर एकमेकांना सांभाळून कसं जायचं

रस्ता ओलांडणारा माणूस आपल्याकडे हात दाखवतो. तळवा गाड्यांकडे, कोपर किंचित वाकलेलं, नजर सगळ्यात जवळ आलेल्या गाडीवर. हा हात कुणी शिकवत नाही, पण गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांना कळतो. "थांबा" एवढंच तो म्हणत नाही. "मी निघालोय, माझी चाल ही अशी आहे, त्या बेताने या" असं त्यात सगळं येतं. रस्त्यावरच्या समजूतदारपणाचं मूळ या हातात आहे: पुढच्या चार-पाच सेकंदांत आपण काय करणार ते दुसऱ्याला वेळेवर कळवायचं, आणि कळवलं तसंच वागायचं. मन मोठं असून भागत नाही. मनाने चांगला पण ऐनवेळी बेत बदलणारा माणूस रस्त्यावर धोक्याचाच ठरतो. म्हणून इथे स्वभावापेक्षा कृतीवर भर दिला आहे.

आधी अंतराचा हिशेब

भांडणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात. चालणाऱ्याला वाटतं, "एवढ्या लांब होती गाडी, थांबायला काय झालं?" गाडीवाल्याला वाटतं, "असा कसा मध्येच आला?" दोघंही खरं बोलत असतात.

ब्रेक दाबायचं डोक्यात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगाने धावतच असते. ताशी 30 किलोमीटर वेग असेल तर तेवढ्यात 12 मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर आणखी 6. म्हणजे थांबायला एकूण 18 मीटर. ताशी 50 ला हेच 21 अधिक 16, म्हणजे 37 मीटर होतात. ताशी 60 ला 48. हे सगळं कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगल्या टायरवर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, त्यामुळे 30 आणि 50 मधला फरक काट्यावर दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. वस्तीतून जाताना 30 च्या आत राहणं हे गाडीवाल्याने करण्यासारखं सगळ्यात मोठं सौजन्य आहे. बाकीची सगळी त्यानंतर.

आता चालणाऱ्याची बाजू. निरोगी माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो. दोन लेनचा 7 मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्याला सहा सेकंद लागतात. सहा सेकंदांत ताशी 50 ने येणारी गाडी 83 मीटर जवळ येते. रस्त्यावरच्या दिव्यांच्या दोन खांबांत साधारण 25 ते 30 मीटर अंतर असतं, तेव्हा मोजायला सोपं जावं म्हणून हे धरा: गाडी तीन खांबांच्या पलीकडे असेल तरच निघायचं. आजी-आजोबांचा वेग सेकंदाला 0.8 मीटरवर येतो. त्यांना तोच रस्ता पार करायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात, आणि तीनाऐवजी चार-पाच खांब मोकळे लागतात. गाडीवाल्यांनी हा आकडा लक्षात ठेवला तर सिग्नल हिरवा झाल्यावर मध्येच अडकलेल्या म्हाताऱ्या माणसावर हॉर्न वाजवायची इच्छाच होणार नाही. त्यांना पळता येत नाही. हॉर्नने ते फक्त दचकतात, आणि दचकलेला माणूस बहुधा मागे फिरतो.

झेब्रा क्रॉसिंगवर थांबायचं कसं

झेब्रावर पायी माणूस असेल तर पहिला हक्क त्याचा, हा नियम आहे. पण थांबण्याची पद्धत चुकली तर थांबणाराच अपघाताला कारण होतो. दोन-तीन लेनच्या रस्त्यावर डावीकडची कार झेब्रापाशी अचानक थांबते. चालणारा तिच्या पुढून निघतो. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला फक्त एक थांबलेली कार दिसते. तिच्या आडोशाला माणूस आहे हे दिसत नाही. तो उजवीकडून कट मारून पुढे जातो आणि माणूस नेमका तिथेच येतो. बंगलोर हायवे असो की गल्लीजवळचा रस्ता, हा अपघात सगळीकडे याच क्रमाने घडतो.

तेव्हा असं करा. झेब्रा आणि कडेला उभा माणूस दिसला की 40 मीटर आधीच आरसा बघा आणि ॲक्सिलरेटर सोडा. ब्रेकला पाय नुसता टेकवून एक-दोनदा उचला. मागचा लाल दिवा लुकलुकला की मागच्याला पुढे काहीतरी आहे हे कळतं. झेब्राला चिकटून थांबू नका. थांबण्याची जाड पांढरी रेघ असेल तर तिच्या मागे, नसेल तर झेब्राच्या तीन-चार मीटर अलीकडे थांबा. एवढं अंतर सोडलं की चालणाऱ्याला तुमच्या गाडीपलीकडची लेन दिसते आणि त्या लेनमधल्याला चालणारा दिसतो. एवढ्याशा अंतराचा हा फरक जीव वाचवणारा आहे. खिडकीतून उजवा हात काढून तळवा जमिनीकडे करून वर-खाली हलवा. वेग कमी करतोय याची ही रीतसर खूण आहे, आणि आजही दुचाकीवाल्यांना ती इंडिकेटरपेक्षा लवकर कळते.

आणि एक गोष्ट करू नका: चालणाऱ्याला "या, या" म्हणून हाताने बोलावू नका. तुम्ही थांबलात एवढं पुरेसं आहे. तुमच्या बोलावण्यावर विश्वास ठेवून तो पलीकडची लेन न बघता चालू लागतो, आणि त्या लेनची हमी तुम्हाला देता येत नाही.

याला जोडूनच उलटा नियम सगळ्या मागच्यांसाठी: झेब्रापाशी थांबलेल्या गाडीला कधीही ओलांडायचं नाही. ती का थांबली हे दिसत नसेल तर तीच थांबायची वेळ आहे.

सिग्नलला लाल दिवा असताना पुढचं चाक झेब्रावर नेऊन उभं राहायची सवय दुचाकीवाल्यांत फार आहे. त्यातून मिळतो तो फायदा एखाद्या सेकंदाचा. त्या बदल्यात लहान मूल कडेवर घेतलेली बाई, बाजाराची पिशवी धरलेला माणूस, सगळे गाड्यांच्या नाकांमधून वाट काढत रस्त्याच्या मध्याकडे ढकलले जातात. रेघेच्या मागे थांबलं तर मागच्या वाहनालाही आपोआप रेघ सापडते.

पायी चालणाऱ्यांनी काय करायचं

हात दाखवायचा तो निघण्याआधी, गाडी लांब असताना. समोरच्याचा वेग कमी झालेला दिसला की मगच पाऊल टाकायचं. हात दाखवला म्हणजे गाडी थांबलीच असं नसतं. निघाल्यावर चाल एकसारखी ठेवा. मध्येच पळू नका, आणि निम्म्यावरून परत फिरू नका, कारण गाडीवाल्याने तुमच्या चालीवरून हिशेब करून तुमच्या पाठीमागून जायचं ठरवलेलं असतं. तुम्ही मागे आलात की त्याने सोडलेल्या जागेतच येता. शंका आलीच तर दोन लेनच्या मधल्या रेघेवर उभं राहणं मागे पळण्यापेक्षा बरं.

एकत्र चार-पाच जण असाल तर घोळक्याने निघा. एकामागोमाग एक सुटे सुटे निघालात तर गाडीवाल्याला शेवटचा कोण ते कळत नाही. मुलाचा हात धरताना बोटं धरू नका, मनगट धरा. बोटं सहज सुटतात.

बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो. काचेच्या अगदी खाली, बंपरला लागून चालणारा त्याला दिसत नाही. बाजूने येणाऱ्यालाही तुम्ही बसच्या आडून एकदम उगवता. बस निघून जाऊ द्या, मग ओलांडा. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न असतो.

फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसते. आंधळ्या वळणावर मात्र उजवीकडची कड आतल्या बाजूला येत असेल तर समोरच्याला तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तेवढ्यापुरतं बाजू बदलून बाहेरच्या कडेने जा आणि वळण संपलं की परत या.

पांढरी काठी घेतलेली दृष्टिहीन व्यक्ती कडेला उभी असेल तर दंड धरून ओढत नेऊ नका. आधी बोला: "ओलांडायचंय का? सोबत येऊ?" हो म्हटलं तर आपलं कोपर पुढे करा. ते धरून ती व्यक्ती अर्धं पाऊल मागून येते आणि तुमच्या चालीवरून चढ-उतार ओळखते. पलीकडे पोचल्यावर "फुटपाथची पायरी आली" असं सांगून मगच सोडा.

लाइट आणि हॉर्न: एकच खूण, दोन अर्थ

समोरून डिपर मारला म्हणजे आपल्याकडे अर्थ असा: "मी येतोय, तू थांब." ब्रिटनमध्ये रोजच्या वापरात बरोबर उलटा: "तू जा, मी थांबतो." तिथून सुट्टीला आलेल्या किंवा इथून तिकडे गेलेल्या माणसाने हे आधी लक्षात घ्यावं, अरुंद पुलावर याच गैरसमजाने दोन गाड्या समोरासमोर येतात. तुम्हाला खरंच साइड द्यायची असेल तर डिपर मारू नका. गाडी पूर्ण थांबवा, हेडलाइट मंद करा, आणि हात बाहेर काढून मागून पुढे हलवा. थांबलेल्या चाकाचा अर्थ सगळीकडे एकच निघतो.

हायवेवर ट्रकच्या मागे असाल तर त्याच्या उजव्या इंडिकेटरवर भरवसा ठेवू नका. काही ड्रायव्हर "जा पुढे" म्हणून तो देतात, काही "समोरून गाडी आहे, येऊ नको" म्हणून, आणि काहींना खरंच उजवीकडे वळायचं असतं. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही तोवर ओव्हरटेक करायचं नाही.

चौकातून सरळ जायचंय म्हणून चारी इंडिकेटर लावणं हीसुद्धा अशीच चुकीची खूण. तुमच्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्याला चारांपैकी फक्त डावे दिवे दिसतात. तो समजतो तुम्ही डावीकडे वळताय, आणि निघतो. सरळ जायला कुठलाच इंडिकेटर लागत नाही. जोराच्या पावसात किंवा बोगद्यात चारी दिवे लावून चालवलं तर लेन बदलताना सांगायला दिवाच उरत नाही. चारी इंडिकेटर गाडी बंद पडून उभी असेल तेव्हासाठी ठेवा.

हॉर्न लांबून, एकदा, लहान. सायकलस्वाराच्या 20-25 मीटर मागून टुक केलं तर तो एकदा मागे बघतो आणि सरळ राहतो. अगदी पाठीशी येऊन वाजवलं तर त्याची मान वळते, मानेबरोबर खांदा वळतो आणि हँडल त्याच बाजूला, म्हणजे तुमच्याकडे येतं. दवाखाना, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र असतो, तिथे हॉर्न नाही. ट्रकांच्या मागे रंगवलेल्या "हॉर्न ओके प्लीज" वर महाराष्ट्रात 2015 साली बंदी आली, ती याच विनाकारण हॉर्नच्या सवयीमुळे.

अँब्युलन्स किंवा अग्निशमन दलाची गाडी मागे आली की शक्य तेवढं डावीकडे व्हा, इंडिकेटर द्या, गरज पडली तर थांबा. तिच्या मागे लागून मोकळ्या झालेल्या वाटेतून जाऊ नका. वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सायकलवाला अगदी कडेने का जात नाही

गाडीवाल्यांची सर्वांत जुनी तक्रार ही, आणि तिचं उत्तर डांबराच्या कडेला वाकून बघितलं की मिळतं. कडेला बारीक खडी साचलेली असते, तिच्यावर पुढचं चाक घसरतं. डांबर संपतं तिथे साइडपट्टी दोन-चार इंच खाली गेलेली असते. एकदा चाक खाली उतरलं की वर घेताना सायकल आडवी होते. पावसाळी जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्या असतील तर सायकलचं अरुंद टायर त्यात रुततं. चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा वर नाहीतर खाली. त्यात उभ्या गाड्यांची दारं. म्हणून शहाणा सायकलस्वार डांबराच्या कडेपासून साधारण पाऊण मीटर आत चालतो आणि उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब. तो तुमची वाट अडवत नसतो.

आता हे मोजा. सायकलचं हँडल 60 सेंटिमीटरच्या आसपास रुंद. म्हणजे सायकलस्वाराची उजवी मूठ कडेपासून मीटरभर आत येते. त्याच्या बाजूला दीड मीटर जागा सोडायची. पुढे कारची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास. एकूण सव्वाचार मीटर झाले, आणि लेन असते साडेतीन मीटरची. याचा अर्थ सायकलला त्याच लेनमधून, समोरून गाडी येत असताना, सुरक्षित ओलांडता येतच नाही. मागे थांबा, वेग सायकलच्या बरोबरीने आणा, समोरचा रस्ता मोकळा झाला की मधली रेघ ओलांडून पूर्ण बाजूने जा, आणि आरशात सायकल पूर्ण दिसली की मगच डावीकडे या. ही वाट बघणं बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदांचं असतं.

बस, ट्रक, टँकरवाल्यांनी आणखी जास्त जागा सोडावी. मोठं वाहन वेगाने जवळून गेलं की हवेचा झोत सायकलस्वाराला आधी बाहेर ढकलतो आणि वाहन पुढे गेलं की आत ओढतो. ते ओढणं मागच्या चाकाच्या दिशेने असतं.

सायकलस्वाराच्या बाजूनेही काही देणं आहे. रेघेत सरळ चाला; उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येत राहिलात तर मागच्याला दर वेळी तुम्ही नव्याने उगवता. खड्डा दिसला तर त्याच्याजवळ जाऊन झटक्यात वळू नका. दहा मीटर आधीच मागे बघून हळूहळू बाहेर या. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा संध्याकाळ होण्याआधीच लावा, नुसत्या रिफ्लेक्टरवर राहू नका, कारण रिफ्लेक्टर समोरच्याचा प्रकाश पडल्यावरच चमकतो. जोडीने गप्पा मारत चालवायचं तर मोकळ्या रस्त्यावर. मागून गाडी आली की एकामागे एक व्हा. राँग साइडने सायकल चालवणं "थोडंच तर जायचंय" म्हणून चालतं असं वाटतं, पण गल्लीतून बाहेर येणारा माणूस उजवीकडे बघून निघतो, आणि तुम्ही डावीकडून येता.

मोठ्या चौकात उजवीकडे वळताना नवशिक्याने मध्यावर जाऊन अडकू नये. डावीकडेच राहून सिग्नलला सरळ पलीकडे जा, तिथल्या डाव्या कोपऱ्यात झेब्राच्या पुढे नाही असं थांबा, सायकलचं तोंड नव्या दिशेला करा, आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की सरळ निघा. एक सिग्नल जास्त लागतो, पण तीन लेन कापाव्या लागत नाहीत. सराव असलेल्यांनी थेट वळायचं तर आधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचं, मग हात आडवा, तळवा पुढे, तीन सेकंद तसाच. मागची गाडी मंदावली की एक लेन. पुढची लेन घेताना पुन्हा हेच.

डावीकडे वळताना

"लेफ्ट फ्री" हा शब्द फार नुकसान करून बसलाय. लाल दिव्याला डावीकडे वळता येतं ते तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तिथेच, आणि तिथेही आधी चालणारे, मग आपण. सरळ जाणाऱ्या गाड्या थांबल्यात म्हणून निर्धास्तपणे निघालेला माणूस नेमका या डाव्या वळणावर सापडतो, कारण वळणारा ड्रायव्हर उजवीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो आणि माणूस असतो डावीकडे.

पद्धत अशी: वळणाच्या 30 मीटर आधी डावा इंडिकेटर. डावा आरसा. मग मान वळवून डाव्या खांद्यामागे नजर, कारण आरशात न दिसणारा सायकलस्वार तिथेच असतो. नुकतंच ओव्हरटेक केलेल्या सायकलच्या पुढ्यात डावीकडे वळू नका. पाच सेकंद तिच्या मागे राहा आणि तिला जाऊ द्या. वळताना वेग चालण्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको.

कारच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात त्यांच्या आड अख्खा माणूस लपतो, आणि गाडी वळत असताना तो माणूस चालत असला तर खांबाच्या आडच सरकत राहतो. वळण्याआधी डोकं एकदा पुढे, एकदा मागे करून बघायचं. हे वाचायला विचित्र वाटेल, पण मोटारीत बसून एकदा करून बघा, खांबाआडून काय काय बाहेर येतं ते.

बस आणि मल्टिॲक्सल ट्रक वळताना पुढची चाकं मोठा वळसा घेतात आणि मागची आत येतात. पूर्ण लांबीच्या बसचं मागचं चाक मीटर-दीड मीटर आतून, कधी फुटपाथला घासत जातं. म्हणून बसने डावा इंडिकेटर दिला आणि तिच्या डावीकडे मोकळी जागा दिसली तर ती जागा तुमची नाही. दोन-तीन सेकंदांत तिथे चाक येणार आहे. सायकल, स्कूटर, चालणारा, सगळ्यांसाठी एक ओळखण: बसच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही.

गाडीचं दार

सायकलस्वार आणि दुचाकीवाल्यांना उभ्या गाडीच्या दाराची भीती हलत्या गाडीइतकीच असते. दार साधारण मीटरभर बाहेर येतं आणि त्याची कड छातीच्या उंचीला असते. उपाय एका सवयीचा आहे: ड्रायव्हरने उजवं दार डाव्या हाताने उघडायचं. हात अंगावरून आडवा गेला की खांदा आपोआप वळतो, नजर आधी आरशावर, मग मागच्या रस्त्यावर जाते, आणि दार एका झटक्यात पूर्ण उघडत नाही. डावीकडच्या प्रवाशाने उजव्या हाताने. रिक्षा किंवा टॅक्सीतून उतरताना मुलांना हे शिकवायला एक आठवडा पुरतो. उतरणं शक्यतो फुटपाथच्या बाजूने.

चौक, सर्कल आणि घाट

सिग्नल नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला. सर्कललाही हेच लागू पडतं: आत फिरणारी गाडी आपल्या उजवीकडूनच येते, म्हणून ती आधी, आपण नंतर. सगळे एकदम घुसले की सर्कल आतून भरतं आणि कुणालाच बाहेर पडता येत नाही.

घाटात चढणाऱ्या गाडीला साइड द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. भरलेला ट्रक चढावर थांबला तर पुन्हा उठताना मागे सरकतो, क्लच जळतो, आणि मागे सायकलवाला किंवा दुचाकी असेल तर ती त्याच्या चाकाशी येते. म्हणून चढणाऱ्या ट्रकच्या मागे किमान दोन गाड्यांची जागा सोडून थांबा. वळणावर हॉर्न एकदा द्यावा. तिथे तो उपयोगाचा आहे.

रात्रीचे रस्ते, उसाच्या ट्रॉल्या, दिंड्या

अप्पर लाइट समोरून गाडी आल्यावर डिपर करतात, पण सायकलवाला किंवा पायी माणूस आल्यावर बहुतेक जण करत नाहीत. त्याच्याकडे प्रकाश परतवायला काही नसतं. तो पुढचे काही सेकंद खरोखर आंधळा चालतो, आणि कडेचा खड्डा त्याला दिसत नाही. माणूस दिसला की लाइट डिपर. लाइट डिपरवर असताना जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग.

गाळप हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला मागचा हॉर्न ऐकू येत नाही आणि उसाच्या मोळ्यांमुळे मागचं काहीच दिसत नाही. हॉर्न देत बसू नका. दिव्याने खूण करा आणि समोरचा बराच लांबचा रस्ता मोकळा असल्याशिवाय निघू नका, कारण एक नाही तर तीन वाहनं ओलांडायची असतात. ट्रॅक्टरवाल्यांनी शेवटच्या ट्रॉलीच्या दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टर पट्टी लावावी, तीही उसाचे वाढे लोंबून झाकणार नाहीत एवढ्या खाली. ट्रॉली बंद पडली तर मागे दगड मांडून ठेवू नका. रात्री ते कुणालाच दिसत नाहीत, आणि ट्रॉली गेल्यावर तिथेच राहतात.

आषाढीच्या आधी आळंदी आणि देहूहून निघणाऱ्या पालख्यांच्या मार्गावर बंदोबस्त असतो, वाहतूक वळवलेली असते. अवघड असतं ते मुख्य सोहळ्याबाहेर, मराठवाडा-विदर्भातून पंढरीकडे येणाऱ्या लहान दिंड्यांचं. तीस-चाळीस माणसं, पहाटेच्या अंधारात, हायवेच्या डाव्या कडेने, पाठ गाड्यांकडे. शेवटच्या दोघांनी रिफ्लेक्टरचं जाकीट घालावं आणि एकाच्या हातात लाल दिवा असावा, तो सतत मागे दाखवलेला. पुढच्याकडे टॉर्च. रांग दोनच्या वर रुंद नको. गाडीवाल्यांनी 20-30 च्या वेगात, लाइट डिपर ठेवून, पूर्ण बाजूच्या लेनमधून जावं. रस्ता ओलांडणारी दिंडी मध्ये तोडू नये. मागे राहिलेली माणसं पुढच्यांना गाठायला धावतात.

पावसात

साचलेल्या पाण्यातून जाताना वेग 15 च्या आत. पाणी उडवणं अपमानाचं आहेच, पण दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर गढूळ पाण्याचा फटका बसला तर तो दोन सेकंद काहीच बघू शकत नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर दीडपट ते दुप्पट होतं, आणि पहिल्या पावसात धूळ-तेलाचा थर वर येतो तेव्हा आणखी. झेब्राचे पांढरे पट्टे आणि चेंबरची लोखंडी झाकणं ओली असताना दुचाकीने त्यांच्यावर ब्रेक मारू नये, त्यांच्याआधी मारावा. छत्री तोंडासमोर धरून ओलांडू नका, आणि रेनकोटची टोपी घातली असेल तर नुसते डोळे फिरवू नका, अख्खी मान फिरवा.

फुटपाथ

2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोकळ्या फुटपाथवर चालण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच येतो. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. फुटपाथवर दुचाकी लावली की व्हीलचेअरवाला, बाबागाडीवाली आई, काठीवाले आजोबा रस्त्यावर उतरतात. "कडेने माणूस जाईल एवढी जागा आहे" असं म्हणून गाडी लावताना व्हीलचेअरची रुंदी धरा. आजूबाजूला हाताला जागा धरून तिला 90 सेंटिमीटर तरी लागतात. फुटपाथवरचा उतार, म्हणजे रॅम्प, कधीही अडवू नका. एक अडवला की पुढचा-मागचा सगळा फुटपाथ तिच्या कामाचा राहत नाही.

धक्का लागलाच तर

आधी उतरा, मग बघा कुणाला लागलंय का. गाडीला काय झालं ते नंतर. पहिलं वाक्य "लागलं का?" असावं, त्या एका प्रश्नाने बरीचशी भांडणं होण्याआधीच थांबतात. किरकोळ असेल तर दोन्ही वाहनांचे आणि नंबरप्लेटचे फोटो घ्या, वाहनं कडेला घ्या, आणि बोलणं तिथे करा. गंभीर असेल तर वाहन हलवू नका. एकाला मागच्या गाड्यांना सावध करायला पन्नास पावलं मागे पाठवा.

जखमी माणूस हालत नसेल, मान दुखते म्हणत असेल, तर त्याला उचलून रिक्षात घालायची घाई करू नका. हेल्मेट शक्यतो काढू नका. श्वास अडत असेल तर आधी काच वर करा. पाणी पाजू नका, कारण शुद्ध हरपली तर ते श्वासनलिकेत जातं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमालाची घडी करून दाबून धरा आणि भिजली तर ती न काढता वरून दुसरी ठेवा. अँब्युलन्ससाठी 108, पोलिसांसाठी 112. फोनवर जागा सांगताना रस्त्याचं नाव, कुठल्या दिशेची बाजू आणि जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पेट्रोल पंप सांगा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर बाजू चुकली तर गाडीला बरंच लांबून वळून यावं लागतं.

मदत केली तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, ही भीती आता धरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायचं की नाही हेही त्याच्या मर्जीवर आहे. अँब्युलन्स येईपर्यंत जखमीच्या समोर, त्याला मान न वळवता दिसेल असं बसा, आणि त्याच्याशी बोलत राहा.